तयार सिस्टिम आयकॉन शोधायचे कुठे? आणि वापरायचे की नाही?

बागेतला_कोडर

नमस्कार मंडळी. गाव निफाड तालुक्यात, सध्या नोकरीमुळे नाशिकला कॉलेज रोडला रूम करून राहतो. घरी साडेतीन एकर द्राक्षबाग. वडील फवारणीची नोंद वहीत ठेवतात. तारीख, औषध, प्रमाण, पाणी किती लिटर, पीएचआय (फवारणीनंतर माल काढेपर्यंत थांबायचे दिवस) किती, सगळं. माल एक्स्पोर्टला द्यायचा तर ही वही चोख लागते. गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर ती पावसात भिजली आणि नेमकी डावणी रोगाच्या फवारण्यांची दोन पानं एकमेकांना चिकटली. वडील रात्री चुलीपाशी बसून ती पानं सुकवत होते. तेव्हाच ठरवलं की यासाठी अँड्रॉइड ॲप करायचं. कोटलिन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून तीन महिने झालेत.

आता प्रश्न. मला बटणांसाठी आयकॉन हवेत: नवी नोंद, जतन करा, खोडा, शोधा, पाठवा. अँड्रॉइड.आर.ड्रॉएबल लिहिलं की पुढे आयसी_मेनू_सेव्ह, आयसी_मेनू_डिलीट असे तयार आयकॉन मिळतात, ते लावले. माझ्या फोनवर ठीक दिसतात. वडिलांच्या जुन्या फोनवर तेच आयकॉन वेगळ्या धाटणीचे दिसले, एक तर ओळखूच येईना.

१. या तयार आयकॉनची चित्रांसकट पूर्ण यादी कुठे मिळेल?
२. ते वापरणं बरोबर आहे का?
३. चुलतभावाकडे आयफोन आहे. उद्या त्याच्यासाठी ॲप केलं तर हेच आयकॉन चालतील का?

सातपूरकर

यादी तुझ्याच कॉम्प्युटरवर आहे. एसडीकेचं, म्हणजे अँड्रॉइड ॲप बनवायच्या साधनांचं, फोल्डर उघड. त्यात प्लॅटफॉर्म्स, त्यात अँड्रॉइडच्या व्हर्जनचं फोल्डर, मग डेटा, मग रेस. ड्रॉएबल नावाची बरीच फोल्डरं दिसतील. फाइल एक्स्प्लोररमध्ये मोठे थंबनेल लावले की सगळी चित्रं समोर येतात.

ॲप लिहिताना एक्सएमएलमध्ये ॲट-अँड्रॉइड-कोलन-ड्रॉएबल लिहून स्लॅश दिला की अँड्रॉइड स्टुडिओ नावं सुचवतो. ओळीच्या डाव्या पट्टीत छोटं चित्रही दिसतं.

कोटलिनवाला

सातपूरकरांनी यादी सांगितली, आता मी सांगतो की त्यातला एकही आयकॉन तसा थेट लावू नकोस.

ते आयकॉन तुझ्या ॲपमध्ये नसतात, फोनमध्ये असतात. तू फक्त नाव लिहितोस, चित्र फोन देतो. अँड्रॉइड २.३ आला तेव्हा मेनूच्या आयकॉनची शैली बदलली, पुढे होलो या नव्या रूपात परत बदलली. शिवाय फोन बनवणाऱ्या कंपन्या आपापली चित्रं घालू शकतात. वडिलांच्या फोनवर तू पाहिलंस ते हेच. गुगलच्या जुन्या मार्गदर्शनातही स्पष्ट होतं की हे आयकॉन प्लॅटफॉर्मच्या नावाने वापरू नका, हवा तो स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये कॉपी करून घ्या.

आता तर कॉपीसुद्धा करायला नको. रेस फोल्डरवर राइट क्लिक, न्यू, व्हेक्टर ॲसेट, क्लिप आर्ट. गुगलच्या मटेरियल आयकॉनची खिडकी उघडते. शोध, निवड, झालं. फाइल तुझ्या प्रोजेक्टमध्ये येते, म्हणजे प्रत्येक फोनवर चित्र तेच.

गोदाकाठ

कोटलिनवाला +१

व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेषांचं चित्र, घेण्याचा आणखी एक फायदा. जुने आयकॉन पीएनजी, म्हणजे एमडीपीआय, एचडीपीआय, एक्सएचडीपीआय अशी प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळी फाइल. व्हेक्टरला एकच फाइल पुरते आणि रंगही कोडमधून देता येतो. रात्री बागेतून आल्यावर वडील डार्क मोडमध्ये ॲप उघडतील तेव्हा काळ्यावर करडा आयकॉन दिसणारच नाही, व्हेक्टरला मात्र टिंट, म्हणजे हवा तो रंग, दिला की झालं.

म्हसरूळकर

मी थोडा वेगळ्या मताचा आहे. शिकण्यासाठी, स्वतःपुरत्या डेमोसाठी अँड्रॉइड.आर.ड्रॉएबल उत्तम आहे. पहिल्या दिवशी नवख्याला व्हेक्टर, टिंट, डेन्सिटी शिकवायला गेलं तर तो पळून जातो. मी पोरांना शिकवतो तेव्हा पहिलं बटण याच आयकॉनने करून घेतो. पाच मिनिटांत स्क्रीनवर काहीतरी हललं की त्यांचा चेहरा खुलतो.

दुसऱ्यांना द्यायचं ॲप असेल तेव्हा मात्र कोटलिनवाला म्हणतात तेच खरं.

कोटलिनवाला

मान्य. शिकवताना मीही तेच केलं असतं.

अक्षरजुळणी_काका

मंडळी, मी प्रोग्रामर नाही, पंचवटीत माझं डीटीपीचं काम असतं. पण "जतन करा"चा तो आयकॉन पाहून राहवलं नाही. ती फ्लॉपी! साडेतीन इंची, १.४४ एमबीची. लग्नपत्रिकेची फाइल एका फ्लॉपीत मावली नाही की दोन फ्लॉप्या घेऊन प्रेसवाल्याकडे जायचो, आणि दुसरी नेमकी तिथे पोचल्यावर वाचली जायची नाही. मग सायकलवर परत. पिशवीत फ्लॉपी असली की पावसात ती शर्टाच्या आत धरून न्यायचो.

माझ्यासाठी त्या चित्राचा अर्थ "जपून ठेवलं" असाच आहे. पण माझ्या नातवाला ते कसलं चित्र आहे हे माहीत नाही. शेतकऱ्याला तरी कसं कळणार?

बागेतला_कोडर

काका, अगदी हेच झालं. वडिलांनी विचारलं, "हा कसला डबा आहे?" मी म्हटलं, सेव्ह. ते म्हणाले, "मग सेव्ह लिही की."

रेषा

गंगापूर रोडवर राहते, ॲपच्या स्क्रीन डिझाइन करते. दहा वर्षांत एक गोष्ट पक्की पाहिली आहे: आयकॉन सुंदर असून उपयोग नाही, तो आधी ओळखीचा लागतो. शोधायची भिंग, मागे जायचा बाण, कचऱ्याचा डबा, हे फोनवर रोज दिसतात म्हणून ओळखीचे झाले. असे आयकॉन तयारच घ्यावेत, स्वतःचे काढत बसू नये. तुझ्या ॲपमधला डबा गॅलरीतल्या डब्यासारखा दिसला तर वडिलांना नवीन काही शिकावं लागत नाही.

पण फवारणी, पीएचआय, छाटणी यांना तयार आयकॉन शोधू नकोस. सापडलाच तर तो चुकीचा असेल.

सीबीएस_ते_नाशिकरोड

रेषाताई, चुकीचा का? मटेरियलमध्ये पाण्याच्या थेंबाचा आयकॉन आहे, वॉटर ड्रॉप. ट्रॅक्टरचाही आहे, ॲग्रिकल्चर नावाने. फवारणीला थेंब लावला तर काय हरकत?

ओझरचा_बागायतदार

हरकत मी सांगतो. माझी बाग आहे, दहा एकर. थेंब दिसला की माझ्या डोक्यात ठिबक येतं. फवारणी आणि पाणी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. उद्या घाईत थेंब दाबला आणि पाण्याची नोंद फवारणीत गेली तर पीएचआयचे दिवस चुकतील. कंटेनर भरायच्या वेळी रेसिड्यू, म्हणजे औषधाचा अंश, निघाला तर कोण भरून देणार? आमच्याकडे फवारणी म्हणजे ट्रॅक्टरमागचा ब्लोअर. नाहीतर पाठीवरचा पंप.

आणि हो, एक विनंती. फवारणीच्या वेळी हात ओले असतात, औषधाने चिकट असतात. बटणं मोठी कर बाबा.

रेषा

काकांनी नेमकं सांगितलं, आणि हे त्यांच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

बटणाच्या मापाचं: अँड्रॉइडमध्ये बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी (स्क्रीनवरचं मापाचं एकक) असावी असं सांगितलंय, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. आयफोनवर ४४ पॉइंट. आयकॉन स्वतः २४ डीपीचाच ठेव, भोवतीची दाबायची जागा वाढव. ओल्या हातांसाठी मी ६४ घेतली असती.

सफरचंदी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून लिहिते.

आयफोनसाठी ॲपलने २०१९ मध्ये, आयओएस १३ बरोबर, एसएफ सिम्बॉल्स आणले. सुरुवातीला दीड हजारांच्या आसपास होते, २०२४ च्या सहाव्या आवृत्तीत सहा हजारांवर गेले. मॅकसाठी त्यांचं मोफत ॲप मिळतं. त्यात शोध घेता येतो, नाव कॉपी करता येतं, आणि तो सिम्बॉल कोणत्या आयओएसपासून चालतो हेही लिहिलेलं असतं. कोडमध्ये सिस्टिमनेम म्हणून नाव दिलं की चित्र हजर. ट्रॅश, मॅग्निफाइंगग्लास, प्लस अशी साधी नावं आहेत.

त्यांची खरी कमाल अक्षरांशी मेळ घालण्यात आहे. नऊ जाडी आणि तीन मापं. शेजारचा मजकूर ठळक केला की सिम्बॉलही तेवढाच ठळक करता येतो. सेटिंगमध्ये कुणी अक्षर मोठं केलं तर आयकॉन त्याच्याबरोबर वाढतो. अँड्रॉइडवर हे सगळं हाताने जुळवावं लागायचं.

पण एका ठिकाणी मी स्वतः पोळले आहे. ते नाव म्हणजे नुसता मजकूर असतो. एक अक्षर चुकलं तरी कंपायलर काही बोलत नाही, ॲप चालतं आणि आयकॉनच्या जागी काहीच नसतं. एकदा मी आयओएस १५ मधला सिम्बॉल वापरला, माझ्या फोनवर छान दिसला. ग्राहकाचा फोन आयओएस १४ वर. त्याच्या स्क्रीनवर टूलबारमध्ये नुसती मोकळी जागा. "तुमचं बटण गायब आहे" असा त्याचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये द्वारका सर्कलच्या गर्दीत उभी होते. तेव्हापासून प्रत्येक नाव एका एनममध्ये, म्हणजे कोडमधल्या पक्क्या यादीत, ठेवते आणि सगळ्यात जुन्या आयओएसवर एकदा तपासते.

सीबीएस_ते_नाशिकरोड

हे इतके सुंदर आहेत तर तेच एक्स्पोर्ट करून अँड्रॉइडमध्ये का घालू नयेत? दोन्हीकडे ॲप सारखं दिसेल.

सफरचंदी

नको. परवाना तशी मोकळीक देत नाही. एसएफ सिम्बॉल्स ॲपलच्या प्लॅटफॉर्मवरच्या ॲपसाठीच आहेत. तिथेसुद्धा ॲपचा मुख्य आयकॉन किंवा लोगो म्हणून वापरता येत नाहीत.

उलट दिशेने चालतं. गुगलचे मटेरियल आयकॉन अपाचे २.० परवान्याखाली खुले आहेत, ते आयफोनच्या ॲपमध्येही घेता येतात. पण तसं करावं का? आयफोनवाल्याला शेअर म्हणजे चौकोनातून वर जाणारा बाण, अँड्रॉइडवाल्याला तीन ठिपके दोन रेघांनी जोडलेले. ज्याच्या हातात जो फोन, त्याला त्याच्या सवयीचा आयकॉन द्यावा.

गोदाकाठ

परवान्यावरून आठवलं. आम्ही एका कामात इंटरनेटवरून "फ्री" लिहिलेले आयकॉन उतरवले होते. फ्री होते, पण बनवणाऱ्याचं नाव ॲपमध्ये दाखवायची अट होती, आणि ती आम्ही वाचलीच नव्हती. वर्षभराने ईमेल आला. पैसे लागले नाहीत, पण चाळीस आयकॉन दोन रात्रींत बदलावे लागले. तयार सिस्टिम आयकॉनला माझ्या लेखी ही एक मोठी किंमत आहे: झोप शांत लागते.

फडफडता_पक्षी

दोन्हीकडे ॲप हवं तर फ्लटर घे, एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप होतात. मटेरियलचे आयकॉन आणि आयफोनच्या वळणाचे क्युपर्टिनो आयकॉन, दोन्ही हाताशी. यामल या सेटिंगच्या फाइलमध्ये युजेस-मटेरियल-डिझाइन ट्रू आहे ना तेवढं बघ. नसेल तर आयकॉनऐवजी फुली मारलेले चौकोन दिसतात, आणि नवखा माणूस तासन्‌तास डोकं धरून बसतो.

माझा किस्सा. खर्चाच्या ॲपमध्ये वापरणारा आपला आयकॉन निवडणार, आणि त्याचा कोड आकडा मी डेटाबेसमध्ये साठवणार, अशी रचना केली. तीन आठवडे सगळं झकास चाललं. प्ले स्टोअरला द्यायच्या रात्री रिलीज बिल्ड, म्हणजे लोकांना द्यायचं अंतिम ॲप, काही केल्या होईना. कारण असं की रिलीजच्या वेळी फ्लटर न वापरलेले आयकॉन फॉन्टमधून छाटून टाकतो, आणि त्यासाठी कोणते वापरलेत हे त्याला आधीच कळावं लागतं. मी आकडा चालू ॲपमध्ये डेटाबेसातून घेत होतो, त्याला कळणार कसं? छाटणी बंद करायचा पर्याय आहे, पण मग अख्खा फॉन्ट ॲपमध्ये येतो. शेवटी साठ आयकॉनचा पक्का मॅप केला आणि डेटाबेसमध्ये आकड्याऐवजी नाव ठेवलं. पहाटे चार वाजता बिल्ड झाला.

ओझरचा_बागायतदार

न लागणारं छाटायचं, पण छाटण्याआधी कोणती काडी ठेवायची ते ठरलेलं पाहिजे. आमच्या ऑक्टोबर छाटणीसारखंच की!

फडफडता_पक्षी

काका, यापुढे कुणाला समजावताना मी हेच उदाहरण देणार.

आवाजी

मंडळी, मला दिसत नाही. फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, वापरतो, मराठी आवाज लावलाय. वरची सगळी चर्चा ऐकली, छान वाटली. एकच गोष्ट कुणी काढली नाही.

आयकॉन कितीही ओळखीचा असो, माझ्यापर्यंत त्याचं फक्त वर्णन पोचतं. अँड्रॉइडमध्ये कंटेंट डिस्क्रिप्शन लिहिलं नसेल तर मला एवढंच ऐकू येतं की इथे एक बटण आहे. कसलं, ते नाही. एका स्क्रीनवर अशी पाच बटणं असली की मी अंदाजाने दाबतो, आणि त्यातलं एक खोडायचं असतं.

वर्णन मराठीत लिहा. "डबा" लिहू नका, "नोंद खोडा" लिहा. चित्र कसं दिसतं ते मला नको, दाबल्यावर काय होईल ते हवं. आणि आयकॉनच्या खाली तोच शब्द लिहिलेला असेल तर वर्णन दुसऱ्यांदा देऊ नका, तेच दोनदा ऐकू येतं.

बागेतला_कोडर

आवाजी दादा, मनापासून आभार. माझ्या कोडमध्ये या सगळ्या जागा रिकाम्या होत्या. स्टुडिओ पिवळी सूचना देत होता आणि मी ती दाबून टाकत होतो. आज रात्रीच भरतो.

म्हसरूळकर

पोरांना मीसुद्धा "ती सूचना नंतर बघू" म्हणत आलोय. पुढच्या बॅचपासून पहिल्याच बटणाला वर्णन लिहायला लावतो.

सातपूरकर

नोटिफिकेशन करणार असशील तर एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. पीएचआय संपल्याची आठवण देणार ना? तिथे ॲपचा रंगीत आयकॉन लावू नकोस. अँड्रॉइड ५ पासून नोटिफिकेशनच्या छोट्या आयकॉनचा रंग फोन बघतच नाही. कुठे पारदर्शक आहे आणि कुठे नाही एवढंच बघतो, बाकी सगळं एकाच रंगात रंगवतो. चौकोनी रंगीत चित्र दिलं तर वर पट्टीत पांढरा ठोकळा दिसतो. पारदर्शक पार्श्वभूमीवर पांढरी आकृती दे. व्हेक्टर ॲसेटमधून आणलेला घंटेचा आयकॉनही चालेल.

सीबीएस_ते_नाशिकरोड

ॲपमध्ये द्राक्षाचा इमोजी टाकला तर? फुकट, तयार आणि रंगीत.

रेषा

शीर्षकात हौसेने टाक, बटणावर नको. इमोजी प्रत्येक कंपनीच्या फोनवर वेगळा दिसतो. म्हणजे धाग्याच्या सुरुवातीला जो त्रास होता तोच परत आला. आणि त्याला आपला रंग देता येत नाही.

रुपयाचं चिन्ह मात्र बिनधास्त तयार घे. मटेरियलमध्ये करन्सी रुपी आहे, एसएफ सिम्बॉल्समध्ये गोलातला रुपया पहिल्यापासून आहे. औषधाच्या खर्चाला डॉलरचा आयकॉन लावलेली आपल्याकडची ॲप पाहिली की मला फार वाईट वाटतं. २०१० पासून आपलं स्वतःचं चिन्ह आहे, ते वापरा.

अक्षरजुळणी_काका

रेषाताईंशी शंभर टक्के सहमत. ते चिन्ह आलं तेव्हा आमच्या फॉन्टमध्ये नव्हतं. दरपत्रकात "र"ला हाताने रेघ जोडून देत होतो. आज एका क्लिकवर मिळतंय तर डॉलर कशाला?

बागेतला_कोडर

मंडळी, पंधरा दिवसांनी धागा वर काढतोय. शनिवार-रविवार गावी होतो. नवीन व्हर्जन वडिलांना आणि शेजारच्या दोन बागायतदारांना दिलं. काही सांगितलं नाही, फक्त बघत बसलो.

खोडायचा डबा तिघांनीही ओळखला. भिंग ओळखली. प्लसला एकजण थोडा अडला, पण दाबला.

शेअरच्या आयकॉनवर मात्र सगळेच थांबले. शेजारचे नाना चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे थिनिंगचं, मणी विरळ करायचं ना? देठाला तीन मणी ठेवलेत." आणि दाबलं. व्हॉट्सॲपची यादी उघडली तेव्हा ते माझ्याकडे बघायला लागले.

मी परत तो आयकॉन पाहिला. तीन ठिपके, दोन रेघा. खरंच देठाला तीन मणी! आता मला त्यात दुसरं काही दिसतच नाही.

सफरचंदी

नानांना माझा नमस्कार सांग. आयुष्यभर हे चिन्ह वापरलं आणि मणी आजच दिसले.

ओझरचा_बागायतदार

नाना बरोबर आहेत. मीही तेच म्हटलं असतं.

रेषा

हा किस्सा मी माझ्या टीमला सांगणार आहे, हरकत नसेल तर. मग काय केलंस त्याचं?

बागेतला_कोडर

जरूर सांगा ताई. आयकॉन तसाच ठेवला, कारण पोरांना तो ओळखीचा आहे. खाली "पाठवा" लिहिलं. सगळ्याच बटणांखाली आता शब्द आहे: नवी नोंद, जतन करा, शोधा, खोडा, पाठवा. "शेअर करा" लिहिलं होतं, पण वडील म्हणाले "पाठवा" बरं. फ्लॉपी काढली, तिथे बरोबरची खूण आहे. काका, माफ करा.

फवारणीला तयार आयकॉन लावला नाही. रेषाताईंनी २४ बाय २४ च्या चौकटीत ब्लोअरचं चित्र काढून पाठवलं, ती एसव्हीजी फाइल व्हेक्टर ॲसेटमधून आत घेतली. पाणी आणि ठिबकला थेंब. पीएचआयला आयकॉनच नाही, गोलात नुसता आकडा: किती दिवस राहिले. नाना तो आकडा लांबूनच वाचत होते.

दाबायची जागा ६४ डीपी. वर्णनं सगळी मराठीत.

अक्षरजुळणी_काका

माफी कशाची रे. फ्लॉपीने तिचं काम केलं.

आवाजी

ॲप तयार झालं की मला पाठव. बाग नाही माझी, पण स्क्रीन ऐकून सांगतो कुठे अडतं ते.

बागेतला_कोडर

दादा, आज संध्याकाळी पाठवतो. वडिलांनी सकाळी भुरी रोगाची फवारणी केली आणि पहिली नोंद स्वतः टाकली. वहीतही लिहिली आहे. म्हणाले, एक हंगाम दोन्ही ठेवू.